करडई जागेवर हाय

बाबा,

मला भीती वाटते आहे. तुम्ही होतात तोवर हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण भीती वाटते म्हणणाऱ्याला तुम्ही आधी पाणी द्यायचात आणि मग कामाला लावायचात. आता पाणी मी माझं माझं घेऊन पाहिलं, कामालाही लागून पाहिलं, काही फरक पडला नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी पुण्याची नोकरी सोडून परत आले, पण आपल्या गावी नाही. तुम्ही जन्मभर घाटाखालचे आणि मी आता घाटावर, बुलढाण्यात. भाड्याचं घर आहे, वर गच्ची, गच्चीला एक खोली. त्या खोलीला सध्या कुलूप आहे. आत तुमची पितळी परात आहे, आणि मी भिते आहे ती त्या परातीला.

मी काय काम करते हे तुम्हाला सांगायला बसले असते, तर दुसऱ्या वाक्याला तुम्ही बिडी शोधायला उठला असतात. तरी सांगते. परदेशात एक कंपनी आहे, ती लढाईचा खेळ बनवते. बोटाच्या पेराएवढी माणसं रंगवून टेबलावर मांडायची. काळ पुढचा, फार पुढचा. सूर्य विझत आलेला, वस्त्या जळून गेलेल्या, माणसं लोखंडी कवचात कोंबलेली आणि समोरून जे चालून येतं त्याला तोंडच नाही. टेपानं अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि मेलेली माणसं मुठीनं उचलून डब्यात टाकायची. या खेळाचा दुसरा खेळ करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एकेकाकडे फौज नसते, एकच माणूस असतो. त्या माणसाला नाव असतं, मागे राहिलेलं घर असतं, तो कशाला भितो हेही ठरलेलं असतं आणि खेळणारा त्याच्या तोंडून बोलतो. एक जण खेळ चालवतो. दाराबाहेर कसला आवाज आला, अंधारातून काय येतंय, हे तो सांगतो. गावात सोंगं निघायची ना, तसंच म्हणा, फक्त एका जागी बसून. कागदावर फार सोपं वाटलं होतं मला. फौजेतला एक उचलायचा आणि त्याला नाव द्यायचं, एवढंच. मुठीनं उचलता येणाऱ्या गोष्टीला नाव दिलं की काय होतं, हे तुम्ही मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. मी कामाच्या नादात ते विसरून गेले.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवसाचं आपलं स्वयंपाकघर मला आजही जसंच्या तसं दिसतं. माय चुलीपाशी बसून पुरी लाटते आहे, मी जमिनीवर पालथी पडून धान्य निवडते आहे, आणि तुम्ही उंबऱ्यात उभे राहून प्रत्येक पसा पारखून घेताय. किडका दाणा चालत नाही, फुटका चालत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही हीच परात डोक्यावर घेऊन शेतात जायचात. मधे खड्डा, खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, घागरीवर पुरी आणि भोवती गोल मांडलेले सगळे दाणे. टीव्हीवाले येतात ती मोठी मांडणी वेगळी, आपली गावापुरती. पण आपल्या गावाला तीच पुरायची. गहू म्हणजे गहू, तूर म्हणजे तूर, पण मसूर म्हणजे शत्रू, भादली म्हणजे रोगराई, पानसुपारी म्हणजे राजाची गादी आणि करडई म्हणजे फौज. मग रात्रभर तिकडे कोणी फिरकायचं नाही. वारा, किडामुंगी, जे काय हलवायचं ते हलवेल. उजाडता उजाडता सगळं गाव वर्ष कसं जाणार ते ऐकायला बांधावर उभं राहायचं आणि तुम्ही एकटे आत जायचात. वाकून पाहायचात, मग बाहेर येऊन मोठ्यानं वाचायचात. हललं असेल ते हललं म्हणायचं, म्हणजे यंदा त्यात काहीतरी बिघडणार; जागेवर असेल ते जागेवर.

मॅट्रिकच्या वर्षी मी तुमच्या मागे लागले होते की माझा निकालही पाहा ना दाण्यांत. तुम्ही हसाल असं वाटलं होतं. तुम्ही परात खाली ठेवलीत आणि म्हणालात, "मांडणीले एका माणसाचं इचारू नये. ते गावाचं हाय. एकाचं नाव घेतलं का वाचणाऱ्याची नजर फिरते." मी फुरंगटून बसले. माय म्हणाली, "लेकराले काऊन भेव दावता?" तुम्ही म्हणालात, "भेव नाई दावत. मले सोताचं भेव हाय." तेव्हा मला वाटलं होतं की ही मोठ्या माणसांची बोलायची तऱ्हा असते.

मग ते वर्ष आलं. भाऊ फौजेत भरती होऊन वर्ष झालं नव्हतं आणि सगळी फौज नेऊन सीमेवर उभी केली होती. लढाई होणार की नाही हे दिल्लीला तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे. मी खामगावला कॉलेजात होते, मांडणीसाठी मुद्दाम गावी आले. बांधावर त्या सकाळी कोणी पावसाचं विचारत नव्हतं. सगळे मायकडे पाहत होते आणि माय तुमच्या पाठीकडे. तुम्ही आत गेलात. गव्हापाशी वाकलात, उठलात, पुढे सरकलात. मग करडईपाशी वाकलात ते बराच वेळ उठलाच नाहीत. धोतराचा सोगा मातीत लोळत होता. उन्हं वर यायला लागली, कोणीतरी खाकरलं. तुम्ही उठलात, बाहेर आलात, आणि नेहमीच्याच आवाजात म्हणालात, "करडई जागेवर हाय." माय तिथेच खाली बसली. बायांनी तिला धरलं, ती रडत होती आणि हसतही होती. मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही हात झटकत होतात, माती लागली होती म्हणून.

त्या दिवशी मायनं गल्लीत गूळ वाटायला काढला. तुम्ही तिच्यावर ओरडलात. घरात कधी आवाज न चढवणारे तुम्ही. "काऊन वाटून राह्यली?" म्हणालात. ती म्हणाली, "तुमीच तं सांगतलं ना, जागेवर हाय म्हणून." तुम्ही गोठ्याकडे निघून गेलात. मी ते सगळं विसरले, कारण मला सुट्टीभर छान झोप लागत होती. बाबांनी सांगितलं म्हणजे संपलं. तुम्ही मात्र रोज संध्याकाळी फाट्यावरच्या टेलिफोनच्या दुकानात जाऊन बसायचात. दुकानदार म्हणायचा, फोन आला तर मी पोरगा धाडतो ना, तुम्ही काऊन बसता. तुम्ही बसायचातच. त्या उन्हाळ्यात तुम्ही आंबा तोंडाला लावला नाहीत. माय म्हणायची नवस असेल. भाऊ पुढे सुखरूप घरी आला, वाळलेला, पण धडधाकट. गावानं तुमची वाहवा केली तेव्हा तुम्ही पारावरून उठून चालते झालात. आणि पुढच्या वर्षी नजर कमी झाली म्हणून मांडणी तुमच्या चुलतभावाच्या, आमच्या काकाच्या स्वाधीन केलीत. तुमची नजर! गावकुसापलीकडचा कोल्हा तुम्हाला ओसरीवरून दिसायचा. काकाला तुम्ही सगळं सामान दिलंत, परात तेवढी ठेवून घेतलीत आणि मी पुण्याला निघाले तेव्हा ती माझ्या पेटीत घातलीत. काकाला एकच गोष्ट सांगितलीत, मी तिथेच होते: "सकायी आत एकटा जाऊ नोको. कोणाले तरी संग घेत जाय." काकाला तो स्वतःचा अपमान वाटला. मलाही थोडं तसंच वाटलं होतं.

आता माझं ऐका. खेळ कागदावर झाला की तो माणसांवर चालवून पाहावा लागतो. मी भावाच्या मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना बोलावलं. दर रविवारी दुपारी त्या यायच्या, पोह्यांचा फडशा पाडायच्या आणि जळालेल्या वस्तीत शिरायच्या. एका रविवारी डाव अर्धवट राहिला म्हणून टेबल तसंच ठेवलं. पुढच्या वेळी पाहतो तर शत्रूचं एक बाहुलं पुढे सरकून दारापाशी आलेलं. पंख्याचा वारा असेल, झाडणारीचा हात असेल. पुण्यात असं झालं असतं तर कोणीही ते उचलून जागेवर ठेवलं असतं आणि चहा मागितला असता. इथे एका मैत्रिणीनं माझा हात धरला. "राहू द्या आत्या. हाल्लं ते हाल्लं. वाचा आता." चौघींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याही घाटाखालच्याच, मांडणी पाहत वाढलेल्या. मी वाचलं. रात्री तुम्ही झोपलेल्या असताना ते दारापर्यंत आलं आहे, असं म्हटलं आणि मी उठून घराचं खरं दार लावून आले.

त्यातून मी नियम केला. डाव संपला की परातीत मधे पाण्याचा पेला ठेवायचा, भोवती दाण्यांचं कडं करायचं, प्रत्येकाचा माणूस कड्याच्या आत ढेकळावर उभा करायचा, आणि रात्रभर तसंच सोडून द्यायचं. सकाळी खेळ चालवणारा आधी एकटा आत जातो, पाहतो, मग बाहेर येऊन वाचतो. ज्याचा माणूस पडला, त्याचं पुढे बरं नाही. कंपनीला हा नियम एवढा आवडला की त्यांनी तो पुस्तकाच्या सुरुवातीला घ्यायचं ठरवलं. मी खूश झाले. बाबा, तुमच्या मांडणीतलं सगळं मी घेतलं, दाणे, पाणी, ढेकूळ, पहाट. तुम्ही जे करू नका म्हणाला होतात तेही घेतलं. गावाची मांडणी मी एकेका माणसाची करून टाकली.

भावाच्या मुलीला तुम्ही पाहिलंत ते रांगताना. आता ती फौजेत निवडली गेली आहे. मुलीही जातात आता. भाऊ वरवर मिशीला पीळ देतो आणि रात्री बायकोला विचारतो, "आपण हाव कसं म्हटलं वं तिले?" हे वहिनीनंच मला सांगितलं. पोरगी मात्र वारं प्यायलेली. खेळातला आपला माणूस तिनं बाई केला, स्वतः रंगवला, कवचावर केशरी पट्टा ओढला. पहिले काही रविवार ती म्हणायची, माझी बाई दार लावते, माझी बाई मागे सरते. मग एका दुपारी मी समोरून येणाऱ्याचं वर्णन करत होते आणि ती सरळ म्हणाली, "मी दार सोडत नाई. तुमी समदे मांगं व्हा." खेळ चांगला झाल्याची हीच खूण असते, असं मी इतरांना शिकवते. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

ती निघायच्या आदल्या दिवशी शेवटचा डाव झाला. ती म्हणाली, परात वरच्या खोलीत मांडू, गच्चीवर, खिडकी उघडी टाकू, म्हणजे खरी मांडणी होईल. दाणे तिनंच घातले. करडई आणा म्हणाली, फौज हाय आपली. सकाळी चौघी जिन्यात थांबल्या आणि मी एकटी आत गेले. नियम माझाच होता.

खिडकीतून खार येऊन गेली असावी. चिमणीही असेल. बाकीची माणसं जागच्या जागी उभी होती. करडई मात्र विस्कटलेली होती, आणि केशरी पट्ट्याची बाई कड्याबाहेर पालथी पडली होती. मी शिकलेली बाई आहे, बाबा. खार म्हणजे खार हे मला कळतं. पण दाराकडे मी वळले नाही. जिन्यात तिचा आवाज येत होता, ती मैत्रिणींना सांगत होती की गाडी संध्याकाळची आहे, बॅग अजून भरायची आहे. मी वाकले. बाईला उचललं, ढेकळावर उभी केली. नीट उभी राहीना, ढेकळाची माती भुसभुशीत झाली होती, म्हणून बोटानं दाबली. मग करडईचे दाणे एकेक ओढून पुन्हा कड्यात लावत बसले. किती वेळ गेला कोणास ठाऊक. बाहेरून कोणीतरी खाकरलं. मी उठले, दारात आले, आणि तोंडातून तुमचा आवाज निघाला: "करडई जागेवर हाय." पोरींनी जिना दणाणून सोडला. भावाची मुलगी येऊन गळ्यात पडली. तिच्या खांद्यावरून मला माझा हात दिसला, आणि माती लागली होती म्हणून मी तो झटकला.

हात झटकताना मला बांध आठवला. वाकलेल्या माणसाची पाठ बाहेरून कशी दिसते हे मला एवढी वर्षं ठाऊक होतं. त्या पाठीच्या पुढे हात काय करत असतात, ते त्या सकाळी कळलं. गुळावरून ओरडणं, टेलिफोनचं दुकान, आंबा, काकाला सांगितलेली ती गोष्ट, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. मी तुम्हाला विचारणार नाही. उत्तर मला नको आहे. पण एक सांगते. त्या दिवशी तुम्ही हललं ते हललं म्हणाला असतात, तर भीती सगळ्या गावाला झाली असती. बाया मायपाशी येऊन बसल्या असत्या, पारावर बोलणं झालं असतं, मी झोपले नसते. तुम्ही ती कोणाला दिलीच नाहीत. आम्ही सगळे मजेत गूळ खात होतो आणि तुम्ही फाट्यावर एकटे बसला होतात. तेव्हा तुमच्या शेजारी येऊन बसायला हवं होतं, असं आता फार वाटतं. आत्ता माझ्या शेजारी कोणी नाही, म्हणूनही वाटत असेल.

प्रशिक्षण संपून पोरगी नेमणुकीच्या जागी पोहोचली. कुठे, ते सांगत नाहीत. बातम्या लावायचं मी सोडलं, मग न राहवून पुन्हा लावायला लागले. परात तशीच राहू दे, सुट्टीवर आले की पुढचा डाव तिथूनच, असं ती बजावून गेली आहे. कंपनीकडून काल विचारणा आली की खेळ चालवणाऱ्यानं सकाळी आत जाऊन गुपचूप काही बदल केला तर काय, यावर नियमात एक ओळ हवी. दिवसभर मला काही सुचेना. शेवटी तुमचंच वाक्य त्यांच्या भाषेत लिहून पाठवलं, की सकाळी एकट्यानं आत जाऊ नये, कोणाला तरी सोबत घ्यावं. त्यांनी लगेच कळवलं की उत्तम, पण असं का, हे एका वाक्यात लिहाल का. ते मला लिहिता आलेलं नाही. त्यासाठी कागद काढला आणि हे लिहीत बसले. हे त्यांना पाठवता येत नाही, भावाला दाखवता येत नाही, आणि तुमचा पत्ता नाही.

मघाशी लिहिता लिहिता तिचा फोन आला. आवाज कापरा होता, थंडीनं म्हणाली. जेवलीस का, झोपतेस का, सगळं विचारून झालं. मग तिनं विचारलं, "आत्या, माही बाई उभी हाय ना?" मी म्हटलं, "हाव. जागेवर हाय." ती हसली आणि म्हणाली, "मंग झोपते आता."

बाबा, ती गेली त्या दिवसापासून मी वरची खोली उघडलेली नाही.